माझ्या उकिरड्यातली हुमणी

आमच्या भागात हराळीला कुणी चांगलं म्हणत नाही. उसाच्या सरीत ती एकदा शिरली की बाहेर निघायचं नाव काढत नाही. माझ्या वडिलांचं निम्मं आयुष्य कुदळ घेऊन हराळी खणण्यात गेलं. तिच्या काशा, म्हणजे जमिनीखाली पळणारी मुळं, ते बांधावर वाळत घालायचे आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचे. तो जाळ बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते माझा दहावीचा निकाल ऐकतानाही दिसलं नव्हतं.

त्याच वडिलांच्या त्याच रानात आज मी एक एकर हराळी लावतो, खत घालतो, तिचे चौकोनी तुकडे कापून टेम्पोत भरतो आणि विकतो. लोक तिला लॉन म्हणतात. गावात पहिल्या वर्षी पारावर बसलेला एक जण मला म्हणाला होता, "मेजर, थोरल्यांनी हराळी खणण्यात जलम घातला, आन तुमी ती इकायला लागलासा व्हय?" मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. फौजेतली शेवटची सहा वर्षं मी छावणीच्या गोल्फच्या मैदानावर काढली होती. साहेब लोक चेंडू मारायचे आणि आम्ही गवत राखायचो. तेवढीच एक विद्या घेऊन मी घरी आलो होतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या माझ्यासारख्या लॉनवाल्यांचा एक संघ आहे. पंधरा-वीस जण असू. मी त्याचा सचिव, कारण माझं अक्षर बरं आहे. बैठक दर अमावास्येला भरते. अमावास्येला आमच्याकडे औत धरत नाहीत, नवं काम काढत नाहीत. आता बैल फार थोड्या दावणीला उरलेत आणि ट्रॅक्टरला अमावास्या कळत नाही, पण माणसांना अजून कळते. त्या दिवशी सगळे मोकळे असतात आणि घरात बसले तर बायका काहीतरी काम लावतात, म्हणून बैठकीला हजेरी चांगली असते.

आमचे अध्यक्ष साताऱ्याचे, नर्सरीच्या धंद्यात केस पिकलेले. त्यांना एक सवय आहे. कुठलंही काम आलं की ते आधी बोटांवर मोजत बसतात. "माती ऊसवाल्यांकडं, रोपं नर्सरीवाल्यांकडं, माणूसबळ माजी सैनिकांकडं. आपल्याकडं काय हाय? नुसती हौस." मग ते प्रत्येकाला फोन करतात. मला सुरुवातीला याचा राग यायचा. आपलं काम आपण करावं, दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं, असा माझा स्वभाव. पण पाचगणीच्या उतारावर एका बंगल्याचं लॉन पावसात दोनदा वाहून गेलं आणि तिसऱ्यांदा स्ट्रॉबेरीवाल्यांनी वाफे कसे बांधायचे ते दाखवल्यावर टिकलं, तेव्हापासून मी गप्प बसायला शिकलो.

वाळवा तालुक्यातल्या मुलींच्या एका शाळेतल्या क्रीडाशिक्षिका एका अमावास्येला आमच्या बैठकीत आल्या. त्यांच्या मुली हॉकी खेळतात आणि मैदान सगळं मुरमाचं. बाईंनी फार काही भाषण केलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या पोरी पडायला भितात. आणि पडायला भिणारी पोर हॉकी खेळू शकत नाही." दिवाळीनंतरचे जिल्ह्याचे सामने त्यांनी आपल्या शाळेकडे मागून घेतले होते. गवत नसेल तर ते दुसरीकडे जाणार होते.

अध्यक्षांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. ऊस उत्पादकांच्या गटानं सपाटीकरण करायचं. नर्सरीवाल्यांनी आपल्याकडची हराळी द्यायची, देशीच, कारण ती पळापळ सोसते. माजी सैनिकांच्या संघटनेनं लावणी करायची आणि रूळ फिरवायचा. खतापाशी त्यांचं बोट थांबलं, तेव्हा मी म्हटलं, "मेंढपाळांना विचारू या."

हे मी म्हटलं, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं मी काय केलं तेही लिहायचं आहे.

विट्याच्या पलीकडे, आटपाडीच्या अंगाला एक मेंढपाळ राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दिवाळी झाली की त्यांचे कळप आमच्या उसाच्या मुलखात उतरतात. ज्याच्या रानात मेंढरं बसतात त्याचं रान खतावतं, आणि तो शेतकरी त्यांना धान्य देतो. वडिलांच्या काळापासून अण्णांचा कळप आमच्या रानात बसतो. त्यांच्या भागातल्या मेंढपाळांचाही एक गट झाला होता, पण त्यांना कुणी कुठं बोलावत नव्हतं. मी बोलावलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आमी कशापायी? खुर्चीवर बसून काय बोलू?" पुढच्या बैठकीला ते आले आणि दाराजवळ बसले. पण खत त्यांनी असं दिलं की बघत राहावं. दोन वर्षं कुजवलेलं, उन्हात तापवलेलं, चाळणीनं चाळलेलं लेंडीखत. हातात घेतलं तर चहाच्या पावडरीसारखं.

त्या बैठकीत ठराव झाला की मैदानात फक्त हेच खत पडेल, कच्चं शेणखत कुणी टाकायचं नाही. ठराव मी माझ्या हातानं वहीत लिहिला.

आणि लावणीच्या आदल्या दिवशी मी माझ्या घरच्या उकिरड्यातलं शेणखत चार ट्रॉल्या नेऊन मैदानात ओतलं.

का केलं असं? आज विचार करतो तेव्हा हसूही येतं आणि चीडही. फौजेनं मला सगळं शिकवलं, पण उसाच्या घरात जन्मलेल्या माणसाला "खत पुरे झालं" हे शिकवणं देवालाही जमायचं नाही. शेणाशिवाय जमीन म्हणजे मिठाशिवाय भाकरी, हे आमच्या रक्तात आहे. त्यातून तो उकिरडा वडिलांचा. त्यांनीच तो खड्डा खणला होता. मुलींच्या शाळेचं काम, पुण्याचं काम, त्यात आपल्या बापाच्या उकिरड्यातलं चार पाट्या का होईना पडावं असं मला वाटलं. वर शेण दिसू नये म्हणून मी ते फणानं नीट मातीत मिसळलं. चार ट्रॉल्या निम्म्या मैदानाला पुरल्या, फाटकाकडच्या. दुसऱ्या दिवशी सगळे आले, अण्णांचं लेंडीखत सगळ्या मैदानावर पसरलं गेलं आणि हराळी लागली. मी कुणाला काही बोललो नाही.

पावसात मैदान असं हिरवं झालं की बाई रोज सकाळी मला फोटो पाठवायच्या. मी ते बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, "एवढं कवतिक माझ्या भाताच्या रोपांचं केलं न्हाईसा कवा."

गणपतीच्या दिवशी सकाळी मुली शाळेच्या गणपतीसाठी दूर्वा खुडायला मैदानात गेल्या. हराळीच ती, घराघरात पूजेला लागते. एका मुलीनं जुडी ओढली तर जुडीबरोबर हातभर गवत उचलून आलं. खाली मुळं नव्हतीच. बाईंनी आणखी एका ठिकाणी ओढून बघितलं. गोधडी गुंडाळावी तसं गवत गुंडाळत गेलं, आणि खाली मातीत पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या.

हुमणी. आमच्याकडं हे नाव शिवीसारखं उच्चारतात. ती उसाची मुळं खाते आणि उभा ऊस वाळवून टाकते.

मी गाडी काढून शाळेत गेलो. बाई मैदानात उभ्या होत्या. रडत नव्हत्या, पण नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी मैदानाकडे एक नजर टाकली. पिवळं पडलं होतं ते फक्त फाटकाकडचं निम्मं. पलीकडचं हिरवंगार होतं.

दोन दिवसांनी साखर कारखान्याचे शेती अधिकारी बघायला आले. अध्यक्ष होते, ऊस गटाचे तात्या होते, मी होतो. अधिकाऱ्यांनी माती उकरून बघितली आणि विचारलं, "खत कुठलं टाकलं होतं?"

"लेंडीखत," तात्या म्हणाले.

"कच्चं असेल. कच्च्या खतात हुमणी हमखास येते."

मी तिथंच उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडात आलं, दातांपर्यंत आलं, आणि मी ते गिळलं. सीमेवर असताना मी बऱ्याच गोष्टींना भ्यायलो नाही, पण त्या दिवशी तात्यांच्या तोंडाकडं बघून भ्यायलो. अध्यक्षांनी तिथूनच अण्णांना फोन लावला. पलीकडून नुसतं "बरं" एवढंच ऐकू आलं. अण्णांनी एक शब्दही वाद घातला नाही, आणि त्यामुळं मला जास्त त्रास झाला.

घरी मी हे सगळं बायकोला सांगितलं, म्हणजे माझा भाग सोडून बाकीचं सांगितलं. सर्वपित्री अमावास्येला सकाळी मी आंघोळ करून आलो. पितरांचा स्वयंपाक चालला होता. चहाच्या कपाशेजारी तिनं एक स्टीलची ताटली ठेवली. ताटलीत सात-आठ हुमण्या वळवळत होत्या.

"ह्या कुठल्या?"

"मामंजींच्या उकिरड्यातल्या. आत्ताच उकरून आणल्या. कोंबड्या कवापासनं तितं तुटून पडत्यात. आवं, चार ट्रॉल्या तुमी कुठं नेलासा ते मला ठावं न्हाई व्हय? आज बापाला घास घालणार हायसा. मग दुसऱ्याच्या अन्नात माती कशी घालतासा?"

मी चहा तसाच ठेवला. वडिलांना घास ठेवला आणि दुपारी बैठकीला गेलो.

बैठकीत पहिलाच विषय होता, यापुढं लेंडीखत बंद करण्याचा ठराव. सचिव म्हणून तो मलाच लिहायचा होता. मी पेन खाली ठेवलं आणि उभा राहून सगळं सांगितलं. चार ट्रॉल्या, फण, फाटकाकडची बाजू, गिळलेलं वाक्य.

अध्यक्ष म्हणाले, "खत टाकलंत ते मी समजू शकतो, मेजर. आपण सगळेच शेणातले. पण इतके दिवस गप बसलात, ते मला समजत न्हाई."

"मलाही न्हाई," मी म्हटलं.

तात्यांनी सुचवलं की अण्णांना फोन करून सांगून टाका. मी म्हटलं, फोननं गेलेली गोष्ट फोननं परत येणार नाही. मी जातो.

दुसऱ्या दिवशी मी गाडीवरून विट्यामार्गे अण्णांच्या वस्तीवर गेलो. त्या दिवसांत कळप घरीच असतात. अण्णा वाघर दुरुस्त करत होते, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं. त्यांनी मला घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं आणि पुन्हा गाठ मारायला लागले. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

ते म्हणाले, "बसा की. मला ठावं हुतं."

"कसं?"

"मागच्या साली तुमच्या रानात बसलो हुतो न्हवं? तवा तुमच्या उकिरड्यात कोंबड्या उकरत हुत्या. म्या बघितल्या अळ्या. निम्मंच मैदान गेलं म्हटल्यावर समजलं, ते खत तितनं आलंय. तुमास्नी सांगाय पायजे हुतं, ऱ्हाऊन गेलं. तेवढी चूक माझी बी हाय."

"मग अध्यक्षांचा फोन आला तवा बोललासा का न्हाई?"

त्यांनी गाठ ओढून बघितली. "तुमच्या वडलांच्या हातचं पाणी पिलोय म्या. म्हटलं, त्यांचा ल्योक हाय, बोलंल. मी बोललो असतो तर तुमाला बोलाय जागाच ऱ्हायली नसती."

मी खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला मी तांब्या तोंडाला लावला. मग अण्णांनी जे सांगितलं ते ऐकून तांब्या खाली ठेवावा लागला. शाळेच्या मैदानाची गोष्ट आमच्या मुलखात पसरली होती. लेंडीखतातून हुमणी येते, असं लोक बोलू लागले होते. त्यांच्या गटातल्या चौघांना शेतकऱ्यांचे फोन आले होते, यंदा आमच्या रानात मेंढरं बसवू नका म्हणून. दिवाळीनंतर कळप घेऊन कुठं जायचं, हा प्रश्न होता. त्यांच्याकडं तोवर चारा संपतो. मी एका वाक्याला भ्यायलो आणि चार घरांचं वर्ष टांगणीला लागलं.

"मी निस्तरतो," मी म्हटलं.

"आदी मैदान निस्तरा," अण्णा म्हणाले. "पोरींचं सामनं हायत."

मैदान निस्तरायला जे लोक आले त्यांची मी आजही मनात हजेरी घेतो. तात्यांच्या गटातली माणसं खुरपी घेऊन आली, कारण हुमणी वेचायची विद्या त्यांच्याएवढी कुणाला नाही. त्यांनी गवताचे तुकडे उचलले, माती वीतभर खणली आणि अळ्या रॉकेलच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. मुलींनी दोन गट पाडून पैज लावली आणि तात्यांनाही मागं टाकलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेनं हुमणीला मारणारी बुरशी दिली, ती मातीत मिसळली. नर्सरीवाल्यांनी पुन्हा हराळी दिली. उरलेली मी माझ्या रानातली कापून आणली, जी एका हॉटेलसाठी राखली होती. हॉटेलवाल्याला मी खरं कारण सांगितलं, तर तो म्हणाला, पोरींचं आधी होऊ द्या. माजी सैनिकांनी रूळ ओढला. आणि खत? बाईंनीच ठरवलं. अण्णांना फोन करून म्हणाल्या, तुमचंच पाहिजे. अण्णा स्वतः टेम्पोबरोबर आले. या वेळी ते दाराजवळ बसले नाहीत. मैदानाच्या मधोमध उकिडवे बसून माती बोटांनी चोळून बघत होते, आणि आमचे अध्यक्ष त्यांच्या शेजारी तसेच उकिडवे बसून विचारत होते, "बरी हाय का?"

ज्यांचं मी नुकसान केलं होतं ते सगळे माझ्या चुकीवर माती लोटत होते, आणि कुणी मला टोमणा मारला नाही. एक तात्या सोडून. ते दर तासाला म्हणायचे, "मेजर, अजून दोन ट्रॉल्या हायत का शिल्लक?"

सामने ठरल्याप्रमाणे झाले. गवत अजून कोवळं होतं, सांधे दिसत होते, पण धरून होतं. आमच्या मुली उपांत्य सामन्यात हरल्या. पण त्या पडल्या, घसरल्या, लोळल्या आणि उठल्या. गुडघे हिरवे झाले होते, लाल नाही. बाई टाळ्या वाजवत होत्या आणि पुन्हा त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

मैदानाभोवती पंचक्रोशीतले शेतकरी जमले होते, कारण कुणाची मुलगी, कुणाची पुतणी खेळत होती. शेवटी आभार मानायला बाईंनी माझ्या हातात माईक दिला. हे मी त्यांच्याकडून मागून घेतलं होतं. मी सगळ्या गटांची नावं घेतली आणि मग म्हणालो, "मंडळी, एक राहिलं. या मैदानात हुमणी आली ती मेंढपाळांच्या खतातून नाही. ती माझ्या उकिरड्यातून आली. संघाचा ठराव मीच लिहिला आणि मीच मोडला. मग अण्णांवर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. ज्या निम्म्या मैदानात फक्त त्यांचं खत होतं, ते शेवटपर्यंत हिरवं होतं. ज्यांनी मेंढरं नको म्हणून कळवलं असेल, त्यांनी माझ्यामुळं कळवलं. मला माफ करा, पण त्यांचा रस्ता अडवू नका."

मागून कुणीतरी हसलं. एक जण ओरडला, "मेजर, मग उकिरड्याचं कोर्टमार्शल करा की!" सगळे हसले, मीही हसलो. पण हसणं संपल्यावर दोघे-तिघे उठून अण्णांकडे गेलेले मी बघितले. अण्णा वहाणा हातात घेऊन सीमारेषेपाशी अनवाणी उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा ते गवताकडं बघत म्हणाले, "लय झ्याक झालंय. पर एवढं गवत, आन एक बी मेंढरू न्हाई. जीव तुटतो गड्या."

वडिलांचा उकिरडा मी उन्हात पसरून तापवला. तो आता वर्षातून दोनदा चाळतो, अण्णांची चाळणी आणून. ते आमच्या संघाच्या प्रत्येक अमावास्येला येतात आणि मला ठराव वाचून दाखवायला लावतात. एकदा नाही, दोनदा.

त्या वर्षी कळप खाली उतरायच्या आधी मी अण्णांना फोन केला. म्हटलं, "यंदा पयला मुक्काम माझ्या रानात करा. घरच्यांनी पुरणाचा बेत ठरवलाय."

ते म्हणाले, "न्हाई मेजर. आदी त्या शेतकऱ्यांच्या रानात बसतो, ज्यांनी मेंढरं नगं म्हटलं हुतं. त्यास्नी वाईट वाटत असंल. तुमची पाळी शेवटाला."

"शेवटाला का?"

"तुमचं रान घरचं हाय. घरच्याला थांबवलं तर चालतंय."